लव्ह टोकन: कोरलेल्या जुन्या नाण्यांचा संग्रह कसा करावा

नाणे अंगावर घालण्याची कल्पना मराठी वाचकाला नवीन नाही. पुतळीची माळ कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते, आणि पुतळीचे नाते व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्याशी सांगितले जाते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाला कडी लावून तो गळ्यात घालण्याची चालही आपल्याकडे होती. मात्र या दागिन्यांत नाण्याचा छाप शाबूत असतो आणि सोन्याचांदीचे मोलही तसेच राहते. या लेखाचा विषय असलेल्या ‘लव्ह टोकन’मध्ये नाण्याची एक बाजू, क्वचित दोन्ही बाजू, घासून गुळगुळीत केलेल्या असतात आणि त्या जागी कोणाची तरी आद्याक्षरे, नाव, तारीख, फूल किंवा गलबत कोरलेले असते. असे नाणे बाजारात चालवणे अवघड झाले, म्हणजे देणाऱ्याने ते कायमचे खर्च केले. नाणेशास्त्राच्या नेहमीच्या दृष्टीने ते खराब झालेले नाणे आहे. या छंदात शिरणाऱ्याने ही दृष्टी प्रथम बाजूला ठेवावी, कारण येथे प्रत ठरते ती कोरकामावरून आणि त्या मजकुराच्या वाचनीयतेवरून.

आधी प्रकार ओळखावेत

सगळी कोरलेली नाणी एका काळातली किंवा एका भावनेची नाहीत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या विल्यमच्या चांदीच्या सिक्सपेन्सला दोनदा वाकवून, इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे बाक देऊन, ते प्रेमाची खूण म्हणून देत असत. त्यांवर अक्षरे बहुधा नसतात. बाक हीच खूण. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने, म्हणजे आईने सोडून दिलेल्या मुलांच्या आश्रमाने, 1741 मध्ये पहिली बाळे दाखल करून घेतली. तेथे मूल सोडून जाणाऱ्या आया पुढे कधी परत आल्या तर ओळख पटावी म्हणून एखादी खूण ठेवत, आणि या खुणांत घासून कोरलेली नाणीही होती. त्यांतील काही आज लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये पाहता येतात. संग्रहाला सुरुवात करण्यापूर्वी ती पाहण्याचा योग आला तर सोडू नये.

तिसरा प्रकार कैद्यांच्या टोकनांचा. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवले जाणारे कैदी निघण्यापूर्वी तांब्याचे नाणे घासून त्यावर आपले नाव, वय, शिक्षेची वर्षे आणि एखादी ओळ कोरत किंवा कोरवून घेत आणि ते घरच्यांकडे ठेवत. यासाठी 1797 सालची ‘कार्टव्हील’ पेनी फार सोयीची पडे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टन यांनी वाफेच्या यंत्रांवर पाडलेले हे नाणे एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम वजनाचे आणि 36 मिलिमीटर व्यासाचे होते, त्यामुळे लिहायला भरपूर जागा मिळे. कॅनबेराच्या नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियाकडे अशी 300 हून अधिक टोकने आहेत. त्यांवर वारंवार आढळणारी ‘व्हेन धिस यू सी, रिमेंबर मी’ ही ओळ त्या काळच्या लोकांच्या तोंडी असलेल्या पद्यातली आहे.

चौथा प्रकार संग्राहकाला सर्वांत सहज मिळणारा आहे: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटन आणि अमेरिकेतील चांदीची टोकने. 1870 आणि 1880 च्या दशकांत अमेरिकेत या फॅशनचा भर होता आणि त्यासाठी सर्वाधिक वापरले गेले ते ‘सीटेड लिबर्टी डाइम’, म्हणजे बसलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे दहा सेंटचे नाणे. मैत्रिणींची आद्याक्षरे कोरलेली अशी आठदहा नाणी जोडून ब्रेसलेट करत, किंवा एकाच नाण्यामागे पिन लावून ब्रोच करत. या फॅशनच्या अंताचे कारण म्हणून नाण्यांची मोडतोड दंडनीय ठरवणारा 1909 चा अमेरिकी कायदा सांगण्याची रीत आहे. मला हे कारण अपुरे वाटते, कारण 1892 पासून त्याच्या जागी निघालेल्या बार्बर डाइमवरची टोकने मुळातच त्या मानाने कमी दिसतात. लाट कायद्याच्या आधीच ओसरू लागलेली असणार.

नव्या संग्राहकाने या चारांपैकी एकच प्रकार निवडून त्यात वर्षभर तरी राहावे, असे माझे मत आहे. चांदीच्या डाइमपासून सुरुवात करणे खिशाला आणि शिकण्यालाही सोयीचे. कैद्यांच्या टोकनांकडे मात्र घाईने वळू नये. त्यांच्या किमती जास्त असतात आणि म्हणूनच त्यांची नक्कलही केली जाते.

हाताशी काय असावे

दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग, एक दशांश मिलिमीटरपर्यंत मोजणारे कॅलिपर, शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, बाजूने तिरका प्रकाश टाकता येईल असा टेबललॅम्प, सुती हातमोजे आणि एक वही. याहून अधिक काही लागत नाही.

मूळ नाणे कोणते ते ठरवावे

घासल्यामुळे वजन घटते, पण व्यास सहसा तसाच राहतो. म्हणून ओळख पटवताना आधी व्यास मोजावा आणि वजन नंतर पाहावे. अमेरिकी डाइमचा व्यास 17.9 मिलिमीटर आणि मूळ वजन सुमारे अडीच ग्रॅम. पाव डॉलरचा व्यास 24.3 मिलिमीटर. ब्रिटिश थ्री पेन्स सुमारे 16, सिक्सपेन्स 19.3 आणि शिलिंग 23.6 मिलिमीटर. काट्यावर वजन मूळ वजनाइतकेच भरले, तर धातू घासून काढलाच गेला नसावा, निदान फार कमी काढला असावा, आणि मग कोरकाम कशावर झाले आहे हा प्रश्न उभा राहतो.

पुढची पायरी म्हणजे उरलेली बाजू वाचणे. डाइमची देवतेची बाजू शाबूत असेल तर सालच मिळते. साल पुसट असले तरी मार्ग आहे: देवतेभोवती तारे असतील तर नाणे बहुधा 1859 पर्यंतचे, आणि ताऱ्यांऐवजी देशाचे नाव असेल तर 1860 ते 1891 या काळातले. मागची बाजू उरली असेल तर धान्याच्या कणसांची माळ पाहावी. तिच्या आत फक्त ‘वन डाइम’ हे शब्द असून देशाचे नाव नसेल, तर नाणे 1860 किंवा त्यानंतरचे. येथे एक अडचण आहे. हीच माळ पुढे बार्बर डाइमवरही 1916 पर्यंत चालू राहिली, त्यामुळे केवळ मागच्या बाजूवरून 1891 ची रेषा आखता येत नाही. माळेखाली टांकसाळीचे अक्षर असू शकते: ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लीन्स, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी. कार्सन सिटीची अक्षरे पाहून विक्रेता नाण्याच्या दुर्मिळतेची किंमत मागू लागला, तर एवढे लक्षात असावे की नाणे म्हणून त्याची ती किंमत घासण्याच्या दिवशीच गेली.

ब्रिटिश नाण्यावर राणी उरली असेल तर तिचे वयच कालदर्शक ठरते. तरुण व्हिक्टोरिया 1838 ते 1887, लहानसा मुकुट घातलेली ज्युबिली मुद्रा 1887 ते 1893 आणि डोक्यावरून ओढणी घेतलेली वृद्ध राणी 1893 ते 1901. सोन्यासारखे दिसणारे टोकन हाती आले तर सावधपणे तोलावे. 1887 चा सिक्सपेन्स आकाराने अर्ध्या सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्याएवढाच असल्याने लबाड लोक त्याला सोन्याचा मुलामा देऊन खपवू लागले, म्हणून सरकारला त्याची मागची बाजू त्याच वर्षी बदलावी लागली. मुलामा दिलेल्या चांदीवरची टोकने आजही ‘सोन्याची’ म्हणून विकायला येतात. अर्ध्या सॉव्हरिनचे मूळ वजन जवळपास चार ग्रॅम, तर सिक्सपेन्सचे 2.83 ग्रॅम, हा फरक काटा लगेच दाखवतो.

अक्षरे वाचणे

माझ्या दृष्टीने या छंदाचा खरा आनंद येथे आहे, आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. त्या काळची वळणदार लिपी वाचताना ‘आय’ आणि ‘जे’, ‘टी’ आणि ‘एफ’, ‘एल’ आणि ‘एस’ या जोड्यांची गल्लत हमखास होते. नाणे सपाट ठेवून दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणावा, म्हणजे कोरलेल्या रेषांत सावली भरते. मग नाणे हळूहळू फिरवत चार बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तीन अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतील तर छायाचित्र मोठे छापून त्यावर पारदर्शक कागद ठेवावा आणि प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने गिरवावे. एका रंगाची रेषा कोठेही न तुटता पूर्ण अक्षर बनली की वाचन बरोबर झाले. एखादी रेषा कोणत्याच अक्षराला लागू पडत नसेल तर ती नुसती वेलबुट्टी असू शकते, किंवा तुम्ही नाणे उलटे धरलेले असू शकते. माझ्याकडचे एक ब्रोच मी पहिले काही महिने उलटेच वाचत होतो.

गुंफलेल्या तीन अक्षरांत मधले अक्षर मोठे असेल तर ते बहुधा आडनावाचे असते, पण हा नियम धरून वंशावळ रचू नये. चिन्हांचे अर्थ त्या मानाने स्थिर आहेत. आयव्हीची वेल निष्ठेची, जहाजाचा नांगर आशेचा, एकमेकांत गुंफलेले हात मैत्रीचे किंवा विवाहाचे, ‘फर्गेट मी नॉट’ची फुले नावाप्रमाणेच आठवणीची. ‘मिझ्पा’ हा शब्द दिसला तर तो बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातील, आपण एकमेकांपासून दूर असताना परमेश्वर दोघांवर लक्ष ठेवो, या वचनाची आठवण देतो आणि ताटातुटीचा संकेत धरावा. काळे मीनाकाम आणि ‘इन मेमरी’ हे शब्द असतील तर ते टोकन शोकाचे आहे. म्हणजे ‘लव्ह टोकन’ या नावाखाली प्रियकर-प्रेयसीच असतात असे नाही. ‘पापा’, ‘मदर’, ‘बेबी’ अशी नावे नाण्यांवर विपुल सापडतात आणि ती विक्रेत्याच्या प्रेमकथेत बसत नाहीत म्हणून स्वस्तही मिळतात. मला हीच अधिक बोलकी वाटतात.

पूर्ण नाव, तारीख आणि गाव अशा तिन्ही गोष्टी एका नाण्यावर असतील तर माणसाचा शोध घेण्यात अर्थ आहे. कैद्याचे नाव आणि साल असेल तर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील 1674 ते 1913 या काळातील खटल्यांचे वृत्तांत इंटरनेटवर मोफत शोधता येतात. मात्र इतर परगण्यांत शिक्षा झालेला कैदी तेथे सापडणार नाही. नुसत्या दोन आद्याक्षरांवरून कोणाचीही ओळख पटत नाही, आणि पटली असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून कागद मागावा.

खरे-खोटे तपासणे

येथे घाई महाग पडते. मूळ नाणे अस्सल जुने असते. बनावट असते ते कोरकाम. झिजलेली कार्टव्हील पेनी आजही सहज मिळते, आणि तिच्यावर काल दुपारी कोरलेले गलबत दोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून विकता येते. म्हणून भिंगाखाली पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम रेषेची कड. हाताने धरलेल्या कोरणीने धातू कापला की रेषा एका टोकाला बारीक सुरू होते, मध्ये रुंदावते आणि पुन्हा निमुळती होते. तिच्या उतारावर एकच चकचकीत पैलू दिसतो. काही टोकनांत कोरणी डावी-उजवीकडे डोलवत नेल्यामुळे नागमोडी रेषा उमटते, तर कैद्यांच्या टोकनांत टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने ठिपके ठोकून अक्षरे बनवलेली असतात. लेझरने कोरलेल्या रेषेची रुंदी सर्वत्र सारखी असते, तळ खरखरीत असतो आणि कडेला जळल्यासारखी काळसर किनार असू शकते.

दुसरे, झीज. टोकन खरोखर वर्षानुवर्षे अंगावर घातले गेले असेल तर कोरलेल्या रेषांच्या कडा बोथट होतात, आणि बोटांना व कपड्याला लागणारे उंचवटे खोलगट भागापेक्षा जास्त गुळगुळीत असतात. नाणे झिजलेले पण रेषा धारदार, असे असेल तर संशय घ्यावा. उलट, अक्षरांवरून जाणारे जुने ओरखडे दिसले तर ते तुमच्या बाजूचे साक्षीदार आहेत.

तिसरे, रंग. चांदी जशी बाहेर काळसर होते तशी रेषेच्या तळाशीही होते. तळ लख्ख आणि पृष्ठभाग काळा असेल तर कोरकाम नवे. मात्र पृष्ठभाग कोणीतरी नुकताच पॉलिश केला असेल तर हा पुरावा दोन्ही बाजूंनी निकामी होतो.

चौथे, तारखांचा मेळ. नाण्यावरचे छापील साल कोरलेल्या तारखेच्या आधीचे किंवा तेच असायला हवे. हा मुद्दा सांगण्याइतकाही अवघड नाही, तरीही मी एकदा 1876 च्या डाइमवर 1861 ची तारीख कोरलेले टोकन घेऊन बसलो होतो. जन्मतारीख किंवा मृत्यूची तारीख नंतर कोरता येते, हे खरे. पण त्यावर ‘जन्म’ किंवा ‘स्मरणार्थ’ असा कोणताच शब्द नव्हता. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ते नाणे मी आजही नव्या संग्राहकांना दाखवण्यासाठी ठेवले आहे.

पाचवे, कडी आणि पिनची झाळ. कोरकामाच्या रेषेवरून झाळीचा धातू ओघळला असेल तर दागिना कोरकामानंतर बनला, आणि हे स्वाभाविकच आहे. झाळीवरूनच कोरणी गेली असेल तर क्रम उलटा झाला. त्याचे कारण विचारावे. आणखी एक: नुसते भोक पाडलेले, दोन्ही बाजू शाबूत असलेले नाणे हे लव्ह टोकन नव्हे, आणि मूळ छापातच रंगीत मीनाकाम भरलेली नाणी हा वेगळा प्रकार आहे, बर्मिंगहॅमचे कारागीर त्यासाठी नावाजलेले होते.

विकत घेताना

भारतात अशी टोकने क्वचितच मिळतात, त्यामुळे खरेदी बहुधा परदेशी ऑनलाइन लिलावांतून होते. छायाचित्र एकाच बाजूचे असेल तर बोली लावू नये. दोन्ही बाजू, कड, तिरक्या प्रकाशातील एक छायाचित्र, व्यास आणि वजन एवढे लेखी मागावे. उत्तर देण्याची तयारी नसणे हेच बहुतेक वेळा उत्तर असते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना पोर्टोबेलो रोडचा शनिवारचा बाजार आणि अमेरिकेतील वाचकांना मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्डची जुन्या वस्तूंची जत्रा सोयीची आहे. तेथे नाण्यांच्या व्यापाऱ्यांपेक्षा दागिन्यांच्या टेबलांवर ही टोकने अधिक दिसतात आणि त्यांचे भावही तेथे वेगळे असतात. अमेरिकेत या विषयाला वाहिलेली ‘लव्ह टोकन सोसायटी’ आहे, तिचे सदस्यत्व घेणे फायद्याचे.

दर ठरतो तो साधारणपणे या क्रमाने: दृश्य कोरलेले टोकन (दीपगृह, गलबत, घर, पक्षी) सर्वांत वर, त्याखाली पूर्ण नाव व तारीख, त्याखाली सुरेख गुंफलेली आद्याक्षरे, आणि शेवटी साधी दोन अक्षरे. सोन्याच्या एक डॉलरच्या नाण्यावरची टोकने या उतरंडीबाहेर राहतात, कारण तेथे धातूचीही किंमत लागते. ट्रेड डॉलर हे अमेरिकेचे मोठे चांदीचे नाणे पोखरून, आत फोटो ठेवता येईल असे झाकणाचे लॉकेट केलेलेही मिळते. त्याच डॉलरवरच्या देवतेला शौचपात्रावर बसवणारे काही विनोदी कारागीरही होऊन गेले. ती नाणी वेगळ्याच संग्राहकांची.

अखंड ब्रेसलेट मिळाले तर ते सुटे करून विकणाऱ्यांच्या वाटेने जाऊ नये. त्यातील अक्षरांचा एकमेकांशी असलेला संबंध, म्हणजे एका मुलीच्या मैत्रिणी किंवा एका घरातली भावंडे, नाणी सुटी झाल्यावर पुन्हा जुळवता येत नाही.

नोंद आणि जतन

नाणे घरी आल्यावर आधी नोंद करावी आणि मगच ते हाताळावे. क्रमांक, व्यास, वजन, मूळ नाणे, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, तुमचे वाचन, कोठून व केव्हा घेतले, विक्रेत्याने सांगितलेली कथा. मजकूर, तुमचे वाचन आणि विक्रेत्याची कथा हे तीन स्वतंत्र रकाने असावेत, कारण वीस वर्षांनी तुमच्या मुलांना त्यांतला फरक सांगायला तुम्ही शेजारी असालच असे नाही.

साफसफाई शक्यतो करूच नये. घरच्या चांदीच्या ताम्हन-निरांजनाला चालणारी चिंच, रांगोळी, राख किंवा टूथपेस्ट येथे घातक आहे. दीडशे वर्षांच्या झिजेने दिलेला पुरावा दोन मिनिटांत पुसला जातो. चिकट घाण असेल तर शुद्ध पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ कापडाने टिपावे, चोळू नये. मीनाकाम किंवा खडा असलेले टोकन पाण्यातही घालू नये. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून हिरवट चिकट थर सुटतो, म्हणून मायलरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद वापरावा. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र जवळ ठेवल्यास चांदी लवकर काळी पडते. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून पावसाळ्यात ती बदलत राहावी.

टोकन घालायचे असेल तर जरूर घालावे, ते त्यासाठीच बनले होते. फक्त जुनी कडी झिजून पातळ झालेली नाही ना हे पाहावे आणि बदलायची असल्यास सोनाराला नाण्यावर झाळ करू न देता, जुन्या कडीतच नवी कडी ओवून घ्यावी. ब्रोचची पिन तुटलेली असेल तर तिचा मूळ पाया काढून टाकू नये.

कायद्याच्या बाजू

भारतात 100 वर्षांहून जुने नाणे ‘पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, 1972’ नुसार पुरावशेषाच्या व्याख्येत बसते आणि अशा वस्तूंची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. म्हणून परदेशातून टोकन मागवताना बिल, लिलावाची पावती आणि सीमाशुल्क भरल्याचा कागद जपावा, आणि एकदा भारतात आलेले नाणे परदेशातील नातलगाला सहज पाठवता येईल असे गृहीत धरू नये. हे सगळे पाहून स्वतःच एखादे टोकन कोरण्याची हौस आली, तर चलनातील भारतीय नाण्याला हात लावू नये. ‘नाणे अधिनियम, 2011’ नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. सोनाराकडून त्याच आकाराची चांदीची कोरी चकती करून घ्यावी, तिच्यावर साल घालावे आणि मागे ‘नवे’ असे स्पष्ट कोरावे, म्हणजे पुढच्या संग्राहकाला ती जुन्या टोकनांत मोजण्याची पाळी येणार नाही.